वार्षिक उत्पन्न रु. २०,०००/- (अक्षरी वीस हजार फक्त)

काउंटर_नंबर_चार

चौतीस वर्षं एका बँकेत काढली, त्यातली निम्मी तरी काउंटरच्या आत. २०२० च्या जानेवारीत निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. आयुष्यभर 'निवृत्तीनंतर समाजासाठी काहीतरी करायचं' असं म्हणत होतो. समाज असा दारात येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं.

सोसायटीत वर्गणी निघाली. किट ठरलं: पाच किलो कणीक, तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, तिखट-मीठ-हळद, दोन साबण. मागच्या वस्तीत वाटायला आम्ही चौघे गेलो. तिसऱ्या की चौथ्या दारात एक बाई म्हणाली, "काका, पीठ आहे. कालच दुसऱ्यांनी दिलं. गॅस संपलाय." तिच्याकडची टाकी छोटी, किलोवर भरून आणायची, आणि भरून देणारा दुकान बंद करून गावी गेलेला. मी पिशवी हातात धरून उभा. शेवटी पिशवी ठेवलीच, कारण यादीत तिच्या नावापुढे टिक करायची होती.

मे महिन्यात केशरी कार्डवाल्यांना आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ मिळणार असं जाहीर झालं. तेव्हा कळलं की कितीतरी जणांकडे कार्ड आहे, पण ते 'ऑनलाइन नाही'. कुणाचं कार्ड गावचं, कुणात सुनेचं नाव चढलेलं नाही, कुणाचं भिजून लगदा झालेलं. तिथून आमचं टेबल सुरू झालं. दर शनिवारी दहा ते एक, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. मी, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मोबाइलवरचं सगळं बघणारी कॉलेजची एक मुलगी. अर्ज भरून द्यायचे, कागद लावून द्यायचे, गरज पडली तर कचेरीत सोबत जायचं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर तर नाहीच.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास एक आजी आल्या. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या, पुण्यात तीस-पस्तीस वर्षं, तीन घरची धुणीभांडी. नवरा २००९ मध्ये गेला, एकच मुलगी, ती चाकणला नांदते. आधार कार्डावर जन्मतारीख ०१/०१/१९६५. वस्तीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो हे आता अंगवळणी पडलंय. आजी म्हणाल्या, "भात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झाल्यालं हुतं." म्हणजे आधारप्रमाणे सातव्या वर्षी.

त्यांना 'लाडकी बहीण'चे दीड हजार येत होते. मग ई-केवायसी आली आणि तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. यांचा नवरा त्याच्या आदल्या वर्षी वारला. मेलेल्या माणसाचा आधार आणायचा कुठून? पुढे विधवांसाठी मृत्यूचा दाखला जोडायची सोय झाली. पण मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत, दाखला कधी काढलेलाच नाही. दोन हेलपाटे, एसटीचं भाडं, तीन दिवसांचे खाडे. एका घरच्या बाईंनी तेवढ्यात दुसरी कामवाली ठेवली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, दाखला आलाच आहे तर संजय गांधी निराधारचा अर्ज करू, ते तरी कायमचं. पैसे दीड हजारच. म्हणून फॉर्म पुढे ओढला आणि उत्पन्नाच्या रकान्याशी थांबलो.

कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार. लाडक्या बहिणीला अडीच लाख चालतात, निराधाराला एकवीस हजार. आजींचं तिसरं घर सुटलं नव्हतं तेव्हाचा हिशेब मी फॉर्मच्या मागे केला: बाराशे, पंधराशे आणि हजार, म्हणजे महिना सदतीसशे, वर्षाचे चव्वेचाळीस हजार चारशे. खोलीचं भाडंच अडीच हजार. दोन घरं धरली तरी बत्तीस हजारांच्या वर. म्हणजे ही बाई कायद्याने निराधार नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जे स्वयंघोषणापत्र असतं त्यावर मी माझ्या वळणदार बँकेच्या अक्षरात लिहिलं: वीस हजार फक्त. खाली छापलेलं असतंच, की माहिती खोटी आढळल्यास शिक्षेला पात्र राहीन. त्याच्याखाली आजींनी अंगठा उठवला. पेन माझं, खोटेपणा माझा, आणि शिक्षेला पात्र कोण, तर त्या. चौतीस वर्षांत एका रुपयाची खोटी एन्ट्री केली नाही हो मी.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण जास्त सलते. कचेरीत आम्ही दोघं उभे राहिलो की कारकून माझ्याकडे बघून बोलतो. "साहेब, बसा ना." खुर्ची एकच. आजींबद्दलचे प्रश्न मला. "यांचं बँक खातं आधारशी लिंक आहे का?" त्या शेजारी उभ्या. मीही इतकी वर्षं हेच केलं असणार. अंगठा नीट उमटला नाही, सही जुळत नाही, पुढच्या आठवड्यात या. मला त्यातला एकही चेहरा आठवत नाही. मागे रांग होती एवढंच आठवतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम करत असाल तर सांगा. वीस हजार लिहायचे की नाही?

---

अळूवडी

वाचून गप्प झाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे कधी विचारलंच नाही. उद्या विचारते. आणि खाडा झाला म्हणून मीही एकदा पैसे कापलेत, हे इथे लिहून टाकते.

---

फटकळ

लिहिलंत की आधीच. आता काय विचारता?

बाकी भाषा फार सुंदर आहे. गरिबावर लिहिताना आपल्या लोकांची भाषा नेहमीच सुंदर होते. एक सुचवतो: पुढच्या वेळी कचेरीत तोंड बंद ठेवून त्यांच्या मागे उभे राहून बघा. 'साहेब' म्हणून घ्यायची सवय तुम्हालाही लागलीय असं वाटतंय.

---

सोलापुरी_चादर

मंगळवेढ्याचं नाव वाचलं म्हणून लिहितो. आमचं गाव तिथून जवळच. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मी सहा-सात वर्षांचा, झाडाखाली धाकट्या बहिणीला सांभाळायचो. सुकडी मिळायची, आणि ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापता थापता तुटायची. आई शिव्या घालत थापायची.

मुद्दा असा, की त्या कामावर कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. उन्हात बसून खडी फोडायला तयार आहे म्हणजे गरज आहे, संपला विषय. पाटलाच्या घरची बाई काही हौसेने यायची नाही. (खरं तर दोन घरच्या आल्या होत्या. तोंडावर पदर ओढून. त्या वर्षी त्यांच्याही कणगीत काही नव्हतं.) विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे, त्यांच्या डोक्यातली रोजगार हमी योजना अशीच, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दिल्लीचा कायदा त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २००५ ला.

आणि काउंटरसाहेब, तुम्ही समाजकार्य २०२० ला सुरू केलं म्हणता ते बरोबर नाही. तुमच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जायचा की नाही? अलीकडे दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. तो १९७५ ला लावला तो रोजगार हमीसाठीच. त्यानंतरची आमच्या आईची मजुरी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून यायची. देणाऱ्याला पत्ता नाही, घेणारीला पत्ता नाही. कुणी कुणाचे आभार मानायला नकोत, कुणी फोटो काढायला नको. मला तरी ती पद्धत फार आवडते.

अर्थात तुमच्या आजींना आता खडी फोडायला सांगता येणार नाही. निराधार योजना, १९८० ची, अशाच लोकांसाठी. तिथेच ती एकवीस हजारांची मेख मारून ठेवली आहे.

---

काउंटर_नंबर_चार

@सोलापुरी_चादर, व्यवसाय कराचं वाचून जुन्या पगारपत्रकांची फाइल काढली. फेब्रुवारीत तीनशेच आहेत. एवढी वर्षं मी त्या शंभर रुपयांवर कुरकुर करत होतो.

@फटकळ, सवय लागलीय. मान्य.

---

आवक_जावक

महसूल खात्यात आहे. जिल्हा विचारू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आतून असं आहे: वीस हजार तुम्ही एकटेच लिहीत नाही. आमच्याकडे निराधारचे जेवढे अर्ज येतात त्या सगळ्यांचं उत्पन्न अठरा, वीस, साडेवीस असतं. एकवीस हजार भागिले तीनशे पासष्ट केलं तर दिवसाला साडेसत्तावन्न रुपये पडतात. साडेसत्तावन्न रुपयांत जगणारा माणूस अर्ज करायला कचेरीपर्यंत येऊच शकत नाही, रिक्षालाच तेवढे जातात. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव बदललंय, टेबल तेच) चौकशी काय करणार? खरं लिहिलं तर म्हातारीचा अर्ज बाद, तिची हाय आमच्या माथी. खोटं लिहिलं आणि उद्या कुणी तक्रार केली, तर खुलासा आम्ही द्यायचा. मग मधला मार्ग म्हणजे अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवणं. फोटोवर सही नाही. नावात 'बाई' आहे, आधारात नाही. त्रुटी काढली की निर्णय घ्यावा लागत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

तुमच्याशी बोलतो आणि त्यांच्याशी बोलत नाही, त्याचंही सांगतो. तुमच्याशी दोन मिनिटांत संपतं. त्यांना 'मिस्टर कधी वारले' विचारलं की त्या कसे वारले तिथून सुरू करतात. मागे सत्तर माणसं असतात, सर्व्हर दिवसातून चारदा बसतो आणि एकाच माणसाकडे तीन टेबलं. आणि अर्ज पूर्ण असला तरी मंजुरी समितीच्या बैठकीत होते. आचारसंहिता लागली की बैठक नाही. या हिवाळ्यात आधी नगरपालिका, मग महापालिका. लोक आम्हाला विचारतात, आम्ही कॅलेंडरकडे बघतो.

एक उपयोगाचं: लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे, आणि मुदतीत नाही मिळाला तर अपील आहे. पोच घ्या. पोच न घेता गेलेल्या माणसाचा अर्ज आलेलाच नसतो. हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

---

फटकळ

वरचा प्रतिसाद आवडला. माझ्या तोंडून हे वाक्य क्वचित निघतं.

---

टपरीवरचा_नगरसेवक

नाव गमतीने घेतलंय, नगरसेवक नाही. पण अठरा वर्षं एका नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात बसलोय. पक्ष सांगत नाही, तीन झाले.

तुमच्यासारखे लोक शनिवारी दहा ते एक येतात. चांगलं आहे. माझा फोन रात्री दोनला वाजतो. ससूनला खाट मिळत नाही, शववाहिका पाहिजे, मयताचं सामान कुठे मिळेल, पोरगं पोलिस चौकीत बसवलंय. दहावीचा निकाल लागला की अॅडमिशन. सकाळी टँकर. हे सगळं फुकट, आणि त्या बदल्यात आम्ही मत मागतो. तुमच्या सोसायटीतले लोक याला 'लाचार राजकारण' म्हणतात. मत मागतो ते समोर, उघड मागतो हो. तुम्हीही काहीतरी मागताच. त्या आजींनी उद्या तुमच्याशी तिरसट बोलून बघू दे, तुम्हाला लागेल की नाही? आम्हाला लागत नाही. आम्हाला शिव्या देऊनच लोक काम सांगतात.

२०२२ च्या मार्चपासून यंदाच्या जानेवारीतल्या मतदानापर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. सुशिक्षितांना फारसा फरक पडला नाही, उलट बरं वाटलं असेल. वस्तीत काय झालं, तर आधारच्या पत्त्यासाठी नगरसेवकाच्या सहीचा दाखला चालतो, तो कुणाचा आणायचा? माजीची सही चालत नाही. जवळजवळ चार वर्षं लोक सहीसाठी आमदाराच्या दारात. भाडेकरूला घरमालक करारनामा देत नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. नगरसेवक म्हणजे भ्रष्टाचार एवढंच माहीत असणाऱ्यांनी ही एक सही पण लक्षात ठेवावी.

वीस हजारांचं म्हणाल तर लिहा. आम्ही तर पत्रच देतो.

---

गेवराईकर

मी घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून जरा उशिरा लिहितोय. दोनदा लिहून खोडलं.

आई-वडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की ट्रक, आणि मग पाडव्यापर्यंत कारखान्याच्या शिवारात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. मी चौथीपर्यंत त्यांच्यासोबत. एका वर्षी थंडीत शहरातून गाडी आली. पंधरा-वीस पोरंपोरी, गळ्यात ओळखपत्रं, ब्लँकेटं घेऊन. सगळ्या बायांना ओळीनं उभं केलं. वाटप झालं. मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, फोटो हलला. परत ब्लँकेटं गोळा केली आणि परत दिली. माझ्या आईच्या हातात पहिल्या वेळी तांबडं आलं होतं, दुसऱ्या वेळी निळं आलं. तिला तांबडं आवडलं होतं. ती काही बोलली नाही. रात्री वडिलांना म्हणली, "तांबडं गेलं बगा." हे मला पस्तीस वर्षं पुरलंय.

त्या पोरांचा राग येत नाही आता. ब्लँकेट तर ऊबदारच होतं, माझ्या भावानं ते कॉलेजपर्यंत वापरलं.

खरा उपयोग कुणाचा झाला, तर गावच्या एका गुरुजींचा. त्यांनी आजीला समजावलं, की पोरगं ठेवून घे, मी बघतो. रोज संध्याकाळी दारावरून सायकल नेताना फक्त विचारायचे, "जेवला का रे?" दिलं काहीच नाही. पुढे सरकारची हंगामी वसतिगृहं निघाली, गावातच पोरं सहा महिने ठेवायची, त्यात कितीतरी पोरं टिकली. मला त्याच्या आधीच गुरुजी भेटले एवढंच.

आणि एक. रेशन. सहा महिने कोपीवर राहणाऱ्या माणसाचं कार्ड गावच्या दुकानाला जोडलेलं. आता कुठल्याही दुकानातून घेता येतं म्हणतात, अंगठा लावला की झालं. कोयता धरून आणि पाचट उचलून ज्याच्या बोटांवर रेषा उरल्या नाहीत त्याला विचारा, अंगठा किती वेळा लावावा लागतो. आई आधी खोबरेल लावायची, मग पदरानं पुसायची, मग मशीनवर ठेवायची. दुकानदार म्हणायचा, "मावशी, उद्या या." तुमच्या आजींचं पण तसंच होत असणार. धुण्याच्या सोड्यानं रेषा जातात.

---

अळूवडी

@गेवराईकर 'तांबडं गेलं बगा' ... पुढे काही लिहिता येत नाहीये.

---

मेपल_मधली_मालवणी

टोरंटोजवळ राहते. इथे दर गुरुवारी फूड बँकेत डबे लावायला जाते. २०१० मध्ये मी विद्यार्थी होते तेव्हा त्याच रांगेत दोन महिने उभी होते, हे आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. मंडळाचा फूड ड्राइव्ह असतो गणपतीत, मीच डबे मोजते. मग सगळे एकमेकांना 'किती छान उपक्रम' म्हणतात आणि मी मान डोलवते.

आमच्याकडे रांगेतल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, घरात किती जण आणि काय खात नाही. कमाई किती हे मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ते बरं असं नाही. कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ ला एडमंटनला निघाली, अडचणीच्या काळापुरती म्हणून. ती अडचण अजून चालूच आहे, आणि आता इमारती पण बांधल्यात.

---

सोलापुरी_चादर

सांगली-कोल्हापूरच्या महापुरात (२०१९) मी आठ दिवस होतो. त्यावर वेगळा धागा काढीन. आत्ता एवढंच, की बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा उरली नव्हती, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत होते आणि बायका दबक्या आवाजात सॅनिटरी पॅड मागत होत्या. मदतीच्या पाकिटांवर फोटोचे स्टिकर होते त्यावरून वादही झाला होता, आठवत असेल. तिसऱ्या दिवसापासून जो माणूस खराटा आणि फावडं घेऊन आला त्याचाच उपयोग. चिखल गुडघाभर होता. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे आणि कीर्तन रात्री करायचे, तो क्रम काही उगाच नव्हता.

---

काउंटर_नंबर_चार

मध्ये तीन आठवडे गेले, त्यामुळे उशीर.

अर्जात त्रुटी निघाली. @आवक_जावक म्हणाले तशीच: मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक, आजींच्या आधारवर एका अक्षराचा फरक. मुख्याध्यापिकांनी एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार करून दिलं. कचेरीबाहेर एक एजंट भेटला, अडीच हजारांत 'पूर्ण करून' देतो म्हणाला. आजींनी त्याला विचारलं, "अडीच हजार असते तर तुज्याकडं कशाला आले असते?" तो हसला आणि बाजूला झाला.

@टपरीवरचा_नगरसेवक, तुमचं ते तिरसट बोलण्याचं. विचार केला. लागेल. पहिल्या वर्षी एका माणसाने 'एवढा वेळ लावता तर बसता कशाला' असं सुनावलं होतं, तेव्हा घरी येऊन बायकोला दोन तास सांगत होतो.

@फटकळ, तुमचं ऐकलं. काल मी आजींच्या मागे उभा राहिलो, हात मागे बांधून. कारकुनाने मला ओळखलं, मान हलवली, मी दुसरीकडे बघितलं. मग तो नाइलाजाने आजींशी बोलायला लागला. नवरा कधी वारला विचारल्यावर आजींनी खरोखरच कसा वारला तिथून सुरुवात केली. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. माझ्या जिभेवर तारीख होती. बोललो नाही. कारकून म्हणाला, फोटो लावलेला नाही. आजी म्हणाल्या, "लावला हुता. तुमच्याकडंच पडला आसंल, बगा खाली." तो खुर्ची सरकवून वाकला. टेबलाखाली तीन वेगवेगळ्या बायकांचे फोटो पडलेले होते. त्यातला एक आजींचा.

सगळं मिळून एकोणीस मिनिटं लागली. मी बोललो असतो तर चार. आजींनी पोच मागून घेतली, माझ्याकडे न देता स्वतःच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली.

खाली उतरताना जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "आज का ओ गप? घरी भांडान झालं का काय?"